सारसाची लाली

कोहमाऱ्याच्या चौकातल्या झेरॉक्सवाल्याचा फोन आला, की मॅडम, तुमचं पार्सल आलंय, आणि मी काळजीत पडले. खरं तर कितीतरी दिवस मी याच फोनची वाट पाहत होते. पण माझं असंच आहे. हवी असलेली वस्तू येईपर्यंत ती वाटेत हरवेल ही काळजी, आणि आली की आपल्या हातून तिचं काहीतरी होईल ही काळजी. नवरा म्हणतो, हिला काळजी करायला कारण लागत नाही, फुरसत लागते. तेही खरं नाही. मी कामात असतानाही करते.

माझी शाळा कोहमाऱ्याच्या जवळ आणि घर गोंदियाला लागून फुलचूरमध्ये. रोजचं जाणं-येणं एसटीनं. पार्सलं मी घरच्या पत्त्यावर मागवत नाही, झेरॉक्सच्या दुकानात मागवते. घरी पार्सल आलं की सासूबाई ते हातावर तोलून बघतात, कानाशी नेऊन हलवतात आणि विचारतात, आता का मागवली? वह्या मागवल्या म्हटलं की पुढचं सगळं मला पाठ आहे. आमचा धानाचा व्यापार. आजवर आमच्या दुकानात लाल कापडाच्या लांब वह्यांची चळत असायची. अशा घरातली सून पैसे मोजून दूरच्या गावाहून कोऱ्या वह्या मागवते आणि वर त्यांत काही लिहीतही नाही, हे त्यांच्या डोक्यात बसत नव्हतं. मी समजावायचा प्रयत्न एकदाच केला होता.

या वह्या खिशात मावतील एवढ्या असतात. एक छोटा छापखाना वर्षातून काही वेळा तीन वह्यांचा संच काढतो. दर वेळी विषय वेगळा, कागद वेगळा, कव्हर वेगळं. एकदा छापलं की पुन्हा नाही. ज्याला मिळालं त्याला मिळालं. मग आमच्यासारखी माणसं आपापसांत अदलाबदल करतात आणि आपल्याकडची वही दुसऱ्याकडच्या वहीशी ताडून पाहतात. कागद किती जाड, शाई मागच्या पानावर उमटते का, पिन पितळी आहे की पांढरी, कोपरे किती गोल. नवऱ्याला मी एकदा दोन वह्यांच्या पिनांमधला फरक दाखवला होता. त्यानं दोन्ही वह्या नीट पाहिल्या आणि माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

त्या दिवशी आलेल्या पार्सलात धानाच्या मुलखावरचा संच होता. एका वहीवर बांधी म्हणजे भाताचं खाचर, एकीवर कमळाचं तळं आणि एकीवर सारस. हा संच निघाला तेव्हा मी झोपा काढत होते. आमच्याच भागातला पक्षी, आणि मला तो मिळाला नाही. पुढे बऱ्याच विनवण्या करून एकाकडून मी नुसती सारसाची वही मिळवली, तीही उघडलेली, वापरलेली. माझ्या वहीवरच्या सारसाचं डोकं लाल आहे आणि लाली खाली अर्ध्या मानेपर्यंत उतरलेली आहे. आम्हा वह्यावाल्यांचा फोनवर एक गट आहे, त्यातल्या काहींच्या वहीवर ती डोक्यावरच संपते. यावरून गटात जुंपली. काही म्हणाले, छापखान्यानं गुपचूप दुसऱ्यांदा छापलं, म्हणजे एकदाच छापतो हे खोटं. काही म्हणाले, शाई कमी-जास्त लागली असेल. फोनवरच्या फोटोंत रंग खोटे येतात, त्यामुळे निकाल लागेना. माझं माहेर इटियाडोह धरणाच्या कालव्याच्या पाण्यावरचं. लहानपणी बांधीत सारसाची जोडी उतरायची, म्हणून मला गटात विचारलं गेलं की खऱ्या पक्ष्याची लाली कुठवर असते. मला सांगता आलं नाही. मी तेव्हा त्याचे पायच बघत बसायचे, एवढ्या बारीक पायांवर हा उभा कसा राहतो म्हणून.

मिरजेच्या एक ताई गटात आहेत. मी त्यांना कधी भेटलेली नाही. पण कागदाबद्दल बोलायला मला दुसरं कुणी नाही, आणि नंतर नंतर आम्ही कागदाखेरीजही खूप बोलायला लागलो होतो. वह्यांचा नाद मूळचा त्यांच्या यजमानांचा. सारसाचा संच त्यांनी पहिल्याच दिवशी मागवला होता. संच खाकी कागदात गुंडाळून येतो, वर गोल कागदी मोहोर असते, ती फाडल्याशिवाय आतलं दिसत नाही. गटातलं भांडण यजमानांनी ताईंकडून ऐकलं होतं. ते म्हणायचे, छापखाना खोटं बोलणार नाही, पहिल्या दिवसाची वही बघा, लाली अर्ध्या मानेपर्यंतच असणार, बाकीच्यांना शाई कमी लागली एवढंच. दोघं मिळून उघडू, निवांत. तो निवांतपणा आला नाही. ते अचानक गेले आणि संच तसाच मोहोरबंद राहिला.

ताईंनी तो वर्षभर कपाटात ठेवला. मग एक दिवस मला म्हणाल्या, "एकटीनं उघडवत नाही गं. तुझ्याकडं पाठवते. तुझ्याकडं दुसरी सारसाची वही आहे, शेजारी धरून बघता येईल. पण तू एकटी उघडू नकोस. मी समोर असताना उघड." फोनवर, एकमेकींचे चेहरे दिसतील अशा बेतानं, भाऊबीजेच्या सकाळी उघडायचं ठरलं. तोवर माझ्या घरची दिवाळीची गडबड सरलेली असेल, असा माझा हिशेब.

मी हो म्हणाले आणि त्या क्षणापासून माझं जेवण कमी झालं. दुसऱ्याची वस्तू, तीही अशी. कोहमाऱ्याहून गोंदियापर्यंत मी पार्सल पर्समध्ये ठेवलं नाही, की पर्स कुणी मारेल. वर रॅकवर ठेवलं नाही, की कुणी पाण्याची बाटली ठेवेल. मांडीवर घेऊन बसले. शेजारी एक बाई मोसंबी सोलत होती. रस उडेल म्हणून मी तिच्याकडे पाठ करून बसले, तेव्हा ती तिच्या सोबतिणीला म्हणाली, का घमंडी बाई हाय. मी ऐकलं आणि तशीच बसून राहिले.

घरी आणल्यावर ठेवायचं कुठे हा मोठा प्रश्न. आमच्याकडे त्या दिवसांत राईस मिलची काळी राख उडत असते. गच्चीवरचे कपडे झटकून आत आणावे लागतात. उघड्या फळीवर ठेवणं शक्य नव्हतं. स्वयंपाकघरात तेल, बैठकीत पाहुणे. शेवटी धुतलेल्या पंच्यात गुंडाळून माझ्या गोदरेजच्या कपाटात, साड्यांच्या मध्ये, आणि कसर लागू नये म्हणून शेजारी कडुलिंबाचा पाला. रोज शाळेतून आल्यावर चप्पल काढली की आधी कपाट उघडून बघायचे. किल्ली गादीखाली. मी डोळ्यांत तेल घालून त्या पुडक्याला राखत होते, असं म्हटलं तर खोटं होणार नाही.

आता त्या वर्षीची घरातली दुसरी गोष्ट सांगितली पाहिजे. नवऱ्यानं दुकानाचा सगळा हिशेब कॉम्प्युटरवर नेला होता. दर दिवाळीला नव्या वह्या यायच्या, लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडल्या जायच्या, पहिल्या पानावर स्वस्तिक, शुभ-लाभ आणि कुंकू. त्या वर्षी त्यानं वह्या आणल्याच नाहीत. लॅपटॉपची पूजा करू म्हणाला. सासूबाई भडकल्या. मी का त्या डब्याले कुंकू लावू? त्यांचं म्हणणं असं, की लक्ष्मी येते ती कोऱ्या पानावर येते, आणि कोरं पानच नसेल तर तिनं बसावं कुठे? माय-लेकाचं दोन दिवस बोलणं बंद होतं. सासरे शहाणे, ते दुकानावरच बसून राहिले. मीही मध्ये पडले नाही. माझी काळजी वेगळीच होती.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी पुऱ्या तळत होते. हात कणकेचे. आतून सासूबाईंनी विचारलं, कपाटाची किल्ली कुठं हाय, चांदीचा शिक्का काढतो. शिक्का माझ्याच कपाटात असतो. गादीखाली आहे, मी इथूनच सांगितलं. इतक्या सहज सांगितलं, की पुढच्या पुऱ्या लाटताना मला काही आठवलंसुद्धा नाही. सगळ्या जगाचा वहीम घेणारी मी, आणि किल्ली माझ्याच तोंडानं दिली.

हात धुऊन बाहेर आले तेव्हा शेजारपाजारच्या बाया जमल्या होत्या, आरती सुरू व्हायची होती. पाटावर लक्ष्मीचा फोटो, शिक्का, धानाच्या लोंब्या, एका कडेला रुसल्यासारखा लॅपटॉप. आणि अगदी मधोमध, तांदळाच्या राशीवर, तीन छोट्या वह्या. बांधीवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक. कमळावर स्वस्तिक. सारसाच्या कपाळाला टिळा. पाण्यात कालवलेलं कुंकू, त्यामुळे टिळा ओघळून त्याच्या मानेवरून खाली आला होता. खाकी कागद फाटून पाटाखाली पडलेला.

मी भिंतीला धरलं. ओरडावं असं वाटलं, आणि तोंड उघडणार तोच सासूबाई शेजारणीला सांगू लागल्या. "पोरगा विसरला, पण सुनेनं आठवण ठेवली. कोनाले न सांगता वह्या आनून ठेवल्या कपाटात, धुतल्या पंच्यात, कडुलिंब लावून. मले म्हनालीसुद्धा नाही." त्यांचे डोळे भरले होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत माझं कौतुक त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा केलं. शेजारीण माझ्याकडे बघून हसली. मी आरतीला टाळ्या वाजवल्या. काय म्हणत होते मला कळत नव्हतं, ओठ हलत होते एवढंच.

नंतर मी त्यांना हळूच विचारलं, की बंदच का नाही ठेवल्या? त्यांना प्रश्नच समजला नाही. "बंद वही पूजेत ठेवतेत का? लक्ष्मी आत जाईन कशी?" त्यांच्या बाजूनं बघितलं तर त्यांचं काही चुकलं नव्हतं. मला राग काढायला जागाच राहिली नाही, आणि न काढलेला राग माझ्यात फार वाईट बसतो. मी नवऱ्यावर भांडी आपटली. त्याला सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, "टेन्शन नको घेऊ. नवीन खाकी कागद लाव, त्यांच्या समोर फाड. त्यांना का समजून राहिलं?" मोहोर पुन्हा चिकटवता येते का, तेही त्यानं बघितलं. आणि कुंकू? त्याचं तो म्हणाला, छापखान्याचंच आहे सांग.

खोटं सांगायचं नाही असं मी ठामपणे म्हटलं नाही. तेवढी मी धुतल्या तांदळासारखी नाही. फाटलेला कागद मी खरंच इस्त्रीनं सरळ करून पाहिला. मोहोरेचे दोन्ही अर्धे तुकडे जोडून धरले. आणि मग मला ताईंचा आवाज आठवला, एकटीनं उघडवत नाही गं म्हणतानाचा. त्या समोर बसून एक नाटक बघणार, त्यांच्या यजमानांची वस्तू उघडते आहे असं समजून. मी कागद खाली ठेवला. भाऊबीजेपर्यंत थांबले असते तर मी पुन्हा तो उचलला असता, हे मला माहीत होतं. म्हणून पाडव्याच्या सकाळीच फोन लावायचं ठरवलं. पाडव्याला बाईनं नवऱ्याला ओवाळायचं असतं. एकट्या बाईला आजच फोन करून हे सांगायचं, या विचारानं मी दोनदा नंबर काढून फोन ठेवून दिला. सासूबाई अंगणात रांगोळी काढत होत्या. त्यांनाही अजून मी काही सांगितलेलं नव्हतं. कालचं ते कौतुक कोणत्या तोंडानं परत करायचं?

तिसऱ्यांदा लावला. ताईंचा चेहरा दिसला. आंघोळ करून, केस पुसून बसल्या होत्या. आज कशी गं, त्या म्हणाल्या. मी सगळं एका दमात सांगितलं. किल्ली, पूजा, कुंकू. इस्त्रीचंही सांगितलं. सांगताना मला रडू येत होतं आणि रडल्यावर त्यांनाच माझी समजूत काढावी लागेल म्हणून मी ते दाबत होते. बराच वेळ त्यांच्या मागच्या भिंतीवरचा पंखा तेवढा फिरताना दिसत होता.

मग त्या म्हणाल्या, "उघडताना कोण कोण होतं?"

या प्रश्नाची मी तयारी केलेली नव्हती. तेवढ्यात मागून आवाज आला, म्हणजे ती वही पराई होती? सासूबाई दारात उभ्या होत्या, हाताला रांगोळी लागलेली. किती ऐकलं कोण जाणे, पण पुरेसं ऐकलं होतं. मला वाटलं, आता हे घर मला पुरतं सुटलं. त्या पुढे आल्या आणि माझ्या खांद्यावरून फोनमध्ये वाकून म्हणाल्या, "मीच उघडली, बाई. मी एकटीच होतो. हिले काही बोलू नका."

ताईंनी त्यांना नमस्कार केला. मग विचारलं, पूजेत काय म्हणालात?

सासूबाईंना वाटलं, आपली परीक्षा चाललीय. त्या जरा ताठ झाल्या. जे म्हणतात तेच म्हटलं, त्यांनी सांगितलं. ज्याची वही, त्याच्या घरात बरकत राहू दे, घर भरलेलं राहू दे. आमच्याकडे सासूच्या तोंडून सुनेनं ऐकून ऐकून हे शिकायचं असतं. बोलता बोलताच त्यांच्या लक्षात आलं की वही कुणाची होती आणि हे कुणाच्या घरासाठी मागून बसलो. दुकानाची वर्षाची पूजा मिरजेच्या एका अनोळखी घराच्या नावानं झाली होती. मला त्याही स्थितीत त्यांची काळजी वाटली.

ताईंनी डोळ्यांना पदर लावला. पण आवाज साधाच होता. म्हणाल्या, "सारस दाखव."

मी सारसाची वही फोनसमोर धरली, शेजारी माझी. ताई इतक्या जवळ आल्या की पडद्यावर त्यांचा एकच डोळा आणि चष्म्याची कड दिसायला लागली. माझ्या वहीवरची लाली अर्ध्या मानेपर्यंत. त्यांच्या वहीवर डोक्यापासून मानेच्या खालपर्यंत सगळं लालच लाल, छापलेलं कुठलं आणि ओघळलेलं कुठलं काही कळत नव्हतं. वाळल्यावर कुंकू कागदात पार मुरलं होतं.

"ह्यांचं बरोबर होतं का गं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, आत्ता सांगता येत नाही, पण सांगता येईल. कापसाचा ओला बोळा मी आधीच तयार ठेवला होता. हलक्या हातानं वरचा थर निघाला तर खालची छपाई दिसेल. थोडा रंग त्याच्यासोबत जाईल, कागद थोडा खराब होईल, पण लाली कुठवर आहे ते एकदाचं कळेल. एवढं तरी मी त्यांना द्यायलाच हवं होतं. माझ्याच्यानं दुसरं काही होण्यासारखं नव्हतं. मी बोळा पिळला आणि सारसाच्या कपाळावर टेकवला.

"नको," ताई म्हणाल्या. "पुसू नकोस."

मी म्हटलं, मग कळणार कसं?

"नाही कळलं तरी चालेल. एकदा पुसलंय मी. ह्यांच्या वहीवरचं तरी राहू दे. तसंच पाठव मला."

बोळा हातात तसाच धरून बसले होते, त्यातलं पाणी मनगटावरून खाली येत होतं, आणि वहीवर पडेल ही भीती असूनही मला हात हलवता येईना. सासूबाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला.